जुन्या मोटारीचा ताप

ताप हा रोग नव्हे, तर रोगाचे लक्षण आहे, ही गोष्ट आता घराघरांतून माहीत झाली आहे. मुलाचे अंग तापले म्हणजे आई आधी विचारते, ताप सकाळी असतो की तिन्हीसांजेला चढतो? थंडी वाजून येतो की नुसताच येतो? खोकला आहे काय? ह्या प्रश्नांची उत्तरे घेऊनच ती डॉक्टरांकडे जाते. परंतु दाराशी उभी असलेली जुनी मोटार तापू लागली, की त्याच घरातील शहाणी माणसे प्रश्न विचारण्याचे सोडून देतात. कोणी म्हणतो रेडिएटर गेला, कोणी म्हणतो पंप बदला, कोणी सांगतो थर्मोस्टॅट काढून फेकून द्या. महिन्याभरात ह्या तीनही गोष्टी करून होतात आणि गाडी पूर्वीसारखीच तापत राहते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण अशा वेळी हटकून आठवते.

दादरा आणि नगर हवेलीचे मुख्य गाव सिल्वासा, म्हणजेच लोकांच्या तोंडचे सेलवास, हे दमणगंगेच्या काठी वसलेले आहे. येथील उन्हाळा कडक, आणि कारखान्यांमुळे मालमोटारींची वर्दळ मोठी. अशा गावी जुनी मोटार सांभाळणे हे चिकाटीचे काम होय. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ पासून निघू लागलेली फियाट ११०० डिलाइट पुढे ‘पद्मिनी’ ह्या नावाने सर्वतोमुखी झाली आणि ह्या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसेडर २०१४ साली बंद झाली. डिसेंबर १९८३ मध्ये अवतरलेली मारुती ८०० देखील त्याच वर्षी इतिहासजमा झाली. म्हणजे ह्या तीन घराण्यांतील जी गाडी आज रस्त्यावर दिसते, तिचे वय दहा वर्षांच्या पुढचेच असणार. बाजारात तिला मोल थोडे. परंतु वडिलांनी पै पै साठवून घेतलेली, रात्रीअपरात्री आजाऱ्याला दवाखान्यात पोचवणारी गाडी घरच्यांच्या लेखी निराळीच असते. इंजिन वारंवार तापून त्याचे हेड वाकले, तर दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो, आणि मग नाइलाजाने ती भंगारवाल्याच्या स्वाधीन होते. पुष्कळ जुन्या गाड्या म्हातारपणाने मरत नाहीत. त्या चुकलेल्या निदानाने मरतात.

निदान करावयाचे तर इंजिन तापते कसे आणि निवते कसे, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटते, त्या क्षणी तेथील वायूचे तापमान २००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. अ‍ॅल्युमिनियम तर ६६० अंशांवरच वितळते. ह्या उष्णतेचा, ढोबळमानाने बोलावयाचे तर, एक तृतीयांश किंवा त्याहून थोडा कमी भाग चाके फिरवण्याच्या कामी येतो, साधारण तेवढाच भाग धुरातून निघून जातो आणि उरलेला भाग पाण्याला वाहून न्यावा लागतो. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेन्झ ही धाडसी जर्मन स्त्री आपल्या दोन मुलांना घेऊन पतीने बनवलेल्या मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला गेली. शंभराहून अधिक किलोमीटरच्या त्या प्रवासात तिला वाटेत पुनःपुन्हा पाणी भरावे लागले. कारण त्या गाडीत पाणी उकळून वाफ होऊन जाई, हीच इंजिन थंड राखण्याची रीत होती. पुढे १९०० साली विल्हेल्म मायबाख ह्या अभियंत्याने हजारो बारीक नळ्यांचा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर तयार केला. तेव्हापासून तेच पाणी इंजिनात तापावे, पंपाने पुढे ढकलले जावे, रेडिएटरात वाऱ्याने निवावे आणि पुन्हा इंजिनात यावे, हा क्रम चालत आला आहे.

तेव्हा तापणाऱ्या गाडीविषयी मूळ प्रश्न चारच. पाणी पुरेसे आहे काय? ते फिरते आहे काय? त्याची उष्णता वारा वाहून नेतो आहे काय? आणि चौथा, इंजिन मुळातच नेहमीहून अधिक उष्णता निर्माण करीत नाही ना? कोणताही दोष ह्या चारांपैकी एका घरात बसतो. कोणत्या, ते ओळखण्याची किल्ली मात्र एका साध्या प्रश्नात आहे : गाडी केव्हा तापते?

ह्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी जीवावर बेतणारी एक गोष्ट सांगितली पाहिजे. रेडिएटरचे झाकण हे प्रेशर कुकरच्या शिटीचे सख्खे भावंड आहे. समुद्रसपाटीवर उघड्या भांड्यातले पाणी १०० अंशांवर उकळते. पण झाकणाच्या स्प्रिंगने दाब धरून ठेवल्यामुळे रेडिएटरातील पाणी ११५ ते १२० अंशांपर्यंत न उकळता राहू शकते. तापलेल्या इंजिनाचे झाकण कोणी उघडले, की तो दाब एकदम नाहीसा होतो, पाण्याची क्षणार्धात वाफ होते आणि तिचा फवारा तोंडावर व हातांवर येतो. चुलीवरच्या कुकरचे झाकण कोणतीही गृहिणी असे उघडणार नाही. म्हणून काटा लाल रेघेकडे चढला की वातानुकूलन चालू असल्यास बंद करावे, गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी, वाफ निघत असल्यास इंजिन तत्काळ थांबवावे आणि निदान अर्धा तास वाट पाहावी. वरची रबरी नळी हाताला सोसवेल इतकी निवाल्यावरच जाड फडक्याने झाकण थोडे सैल करावे, दाब निघून जाऊ द्यावा, मग पूर्ण उघडावे. तापलेल्या इंजिनात थंड पाण्याची बादली एकदम ओतू नये. ओतीव धातूला त्याने तडा जाऊ शकतो. इंजिन निवल्यावर, ते मंद चालू ठेवून, पाणी थोडे थोडे घालावे.

आता त्या प्रश्नाकडे. ‘केव्हा तापते’ ह्याचे उत्तर मिळवण्यास सिल्वासाच्या वाहनधारकाला कोणत्याही प्रयोगशाळेची गरज नाही. गावातून निघणारे तीन रस्ते ह्या तीन परीक्षा आयत्याच घेतात.

पहिला रस्ता दादऱ्यावरून वापीकडे जाणारा. भरलेल्या मालमोटारींच्या मागे, थांबत थांबत, पायी चालणाऱ्याच्या वेगाने येथे पुष्कळदा जावे लागते. गाडी ह्याच रस्त्यावर तापत असेल आणि मोकळा रस्ता मिळताच काटा खाली येत असेल, तर पाण्याला दोष देण्याचे कारण नाही. दोष वाऱ्यात आहे. गाडी धावत असताना वारा समोरून फुकट मिळतो; ती उभी राहिली की तो पंख्यानेच पुरवावा लागतो. पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसेडर ह्यांचा पंखा इंजिनावरच्या पट्ट्याने फिरतो. तो पट्टा दोन चाकांच्या मधोमध अंगठ्याने दाबला असता साधारण एक सेंटिमीटर दबावा. त्याहून फार दबत असेल, किंवा त्याच्या कडा काचेसारख्या गुळगुळीत झाल्या असतील, तर तो घसरत असला पाहिजे. मारुती ८०० चा पंखा विजेचा आहे, आणि पाणी ठरावीक तापमानाला पोचले म्हणजे तो आपोआप सुरू होतो. गाडी उभी ठेवून इंजिन चालू द्यावे आणि काटा चढू लागल्यावर पंखा फिरतो की नाही ते नुसते पाहावे. न फिरल्यास आधी फ्यूज तपासावा. तो शाबूत असेल, तर मिस्त्रीकडून बॅटरीची वायर थेट पंख्याला जोडून घ्यावी. तसे करताच तो फिरला, तर मोटर चांगली असून तिला चालू करणारा स्विच किंवा त्याची जोडणी बिघडली आहे, आणि हा खर्च किरकोळ असतो. पंख्याभोवतीचे कडे मागच्या एखाद्या दुरुस्तीत काढून ठेवले गेले आहे काय, हेही पाहावे. ते नसल्यास पंखा फिरतो खरा, पण समोरचा थंड वारा ओढण्याऐवजी इंजिनाचाच गरम वारा घुसळत राहतो. शेवटी रेडिएटरच्या पातळ पत्र्यांत धूळ, तंतू आणि किडे अडकले असतील, तर इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला हलक्या धारेने पाणी मारून ते साफ करावे. जोरदार धारेने ते पत्रे वाकतात.

दुसरा रस्ता नरोलीवरून भिलाडला आणि तेथून मुंबई–अहमदाबाद महामार्गाला मिळणारा. येथे वेग असतो आणि वाराही मुबलक असतो. गावात शांत राहणारी गाडी महामार्गावर दहा-वीस किलोमीटर धावल्यावर तापू लागली, तर पंखा निर्दोष आहे असे समजावे आणि पाण्याच्या वाहण्याकडे वळावे. वर्षानुवर्षे विंधनविहिरीचे जड पाणी भरल्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचतो. ज्या घरात पाणी तापवण्याच्या भांड्याला आतून पांढरा थर धरतो, त्या घरच्या गाडीच्या पोटातही तोच थर असतो. सावकाश चालताना उरलेल्या मोकळ्या नळ्या काम निभावून नेतात. वेग वाढला, उष्णता वाढली, की त्या अपुऱ्या पडतात. आता बऱ्याच गॅरेजांत दुरूनच तापमान मोजणारे, पिस्तुलासारखे दिसणारे उपकरण असते. तापलेल्या रेडिएटरवर ते फिरवले असता जेथे एखादा पट्टा इतरांहून एकदम थंड लागतो, तेथील नळ्या बुजलेल्या असतात. खालची रबरी नळी जुनी होऊन मऊ पडली असेल, तर इंजिनाचा वेग वाढताच पंपाच्या ओढीने ती चपटी होते आणि वेग कमी केला की पुन्हा फुगते. हा दोष उभ्या गाडीकडे पाहून कळत नाही. एकाने इंजिनाचा वेग वाढवावा आणि दुसऱ्याने, पट्ट्यापासून हात दूर ठेवून, नळीवर नजर ठेवावी. नळी शाबूत असेल, तर पंपाची पाती गंजून झिजली असण्याचा संभव उरतो.

तिसरा रस्ता खानवेलचा. सुमारे वीस किलोमीटरचा हा मार्ग आणि त्याच्यापुढील दुधणीकडचा डोंगराळ भाग गाडीला ओझे वाहावयास लावतो. सपाटीवर कुरकूर न करणारी गाडी चढावरच तापत असेल, तर चौथ्या घराकडे, म्हणजे इंजिन अधिक उष्णता निर्माण करीत नाही ना, ह्याकडे बघावे. पद्मिनीसारख्या गाडीत ठिणगी सोडणाऱ्या पॉइंटची टाच झिजते, फट कमी होते आणि ठिणगी किंचित उशिरा पडू लागते. उशिरा पेटलेले पेट्रोल चाकांना बळ कमी देते आणि पाण्याला उष्णता अधिक देते. कार्बोरेटरमधून पेट्रोल कमी येत असेल तरी इंजिन तापते. क्लच घसरत असेल, किंवा एखाद्या चाकाचा ब्रेक सुटत नसेल, तर बिचारे इंजिन न दिसणारे ओझे ओढीत असते. खानवेलला गाडी थांबल्यावर चारही चाकांजवळ तळहात नेऊन पाहावा, स्पर्श करू नये; एकच चाक इतरांहून फार तापलेले असेल, तर दोष त्या चाकापाशी आहे, आणि रेडिएटर बदलून तो कधीही जाणार नाही.

गाडी सुरू केल्यापासून चार-पाच मिनिटांतच तापत असेल, तर मात्र तिन्ही रस्त्यांची गरज नाही. तेथे संशय थर्मोस्टॅटवर जातो. ही पाण्याच्या वाटेवरची छोटी झडप. तिच्या आत मेण असते. पाणी तापले की मेण फुगते आणि झडप उघडते. ती बंदच राहिली, तर तापलेले पाणी रेडिएटरपर्यंत पोचतच नाही. तिची परीक्षा स्वयंपाकघरातही होते. टाकाऊ पातेल्यात पाणी घ्यावे, झडप दोऱ्याने टांगून त्यात बुडवावी, शेजारी तापमापक धरावा आणि पाणी तापवावे. झडपेवर जो आकडा कोरलेला असतो, बहुधा ८२ किंवा ८८, त्याच्या आसपास ती उघडू लागली पाहिजे. न उघडल्यास नवी बसवावी. ‘उष्ण देशात थर्मोस्टॅट कशाला?’ असे म्हणून तो कायमचा काढून टाकण्याची रीत फार रूढ आहे, पण ती हिताची नाही. त्याच्यावाचून इंजिन योग्य उष्णतेला उशिरा पोचते, पेट्रोल अधिक लागते, झीज वाढते; आणि काही गाड्यांत पाणी रेडिएटरला वळसा घालून आडवाटेनेच फिरत राहिल्यामुळे तापणे उलट वाढते.

पाणी वारंवार कमी होत असेल, तर ते कोठे जाते हे शोधल्यावाचून पुढे जाऊ नये. सर्वांत स्वस्त संशयित म्हणजे झाकणच. त्याची स्प्रिंग सैल झाली वा रबर कडक झाले, की दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळून बाहेर पडते. नळ्यांच्या जोडांवर, पंपाच्या खालच्या छिद्रापाशी, रेडिएटरच्या डाख दिलेल्या सांध्यांवर पांढरे किंवा हिरवट डाग दिसतात. गळणारे पाणी वाळून गेले तरी आपली खूण ठेवून जाते. बाहेर कोठेच खूण नसेल, आणि पाणी तर रोज घटत असेल, तर ते आत, सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये, जात असण्याचा संभव आहे. हेड आणि ब्लॉक ह्यांच्या मधले गॅस्केट फुटल्याची लक्षणे अशी : ऑइल ओतण्याच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा साका, इंजिन गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा धूर, रेडिएटरच्या पाण्यात सतत येणारे बुडबुडे. ह्यांतील एकच लक्षण दिसले म्हणून हेड खोलावयास लावू नये. थोडे अंतर रोज जाणाऱ्या गाडीत दमटपणामुळेही झाकणाखाली साका धरतो. खात्रीसाठी एक साधी चाचणी आहे. रेडिएटरच्या तोंडावरील हवा एका निळ्या द्रावणातून ओढली जाते. तीत धुराचा अंश असेल, तर द्रावण पिवळे पडते. हेड खोलण्याच्या खर्चापुढे ह्या चाचणीचा खर्च नगण्य होय. पद्मिनी आणि मारुती ८०० ह्यांचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे असल्याने ते अतितापाने वाकते. म्हणूनच ‘आता घर जवळच आहे’ असे म्हणत लाल काट्यावर रेटलेले शेवटचे दोन किलोमीटर सर्वांत महाग पडतात.

काट्यावरही आंधळा विश्वास टाकू नये. जुन्या गाडीत काटा किंवा त्याला खबर देणारा संवेदक बिघडून थंड इंजिन तापलेले दाखवतो, आणि मग नसलेल्या रोगावर उपचार सुरू होतात. याच्या उलट स्थिती अधिक घातक. पाणी जवळजवळ संपले, की संवेदकाला पाण्याचा स्पर्शच राहत नाही. चढलेला काटा एकाएकी खाली येतो आणि चालक सुटकेचा निःश्वास टाकतो. प्रत्यक्षात इंजिन त्याच वेळी जळत असते. कारणावाचून उतरलेला काटा दिसला, की गाडी थांबवावी.

तपासणीचा क्रम असा असावा : थंड इंजिनावर सकाळी पाण्याची पातळी, झाकण, नळ्या, पट्टा आणि पंखा, मग काट्याची सत्यता, त्यानंतर थर्मोस्टॅट, पुढे रेडिएटर आणि पंप, आणि हेड सर्वांच्या शेवटी. स्वस्त आणि सोपे ते आधी, महाग आणि अवघड ते नंतर. एका वेळी एकच वस्तू बदलावी आणि त्याच रस्त्यावर, त्याच सुमारास, तितकीच माणसे बसवून गाडी पुन्हा चालवून पाहावी. चार वस्तू एकदम बदलल्या आणि गाडी बरी झाली, तर कोणत्या औषधाने गुण आला हे कोणालाच कळत नाही. बरी न झाल्यास पैसे गेले आणि ज्ञानही मिळाले नाही.

दुरुस्ती झाल्यावर रेडिएटरात पुन्हा विंधनविहिरीचे पाणी भरणे म्हणजे रोगाला परत बोलावणे होय. शुद्ध, क्षारविरहित पाणी आणि कूलंट हे डब्यावर सांगितलेल्या प्रमाणात मिसळून भरावे. कूलंट हे बर्फाच्या प्रदेशासाठीच असते, हा समज चुकीचा आहे. ते गंज रोखते आणि मिश्रणाचा उत्कलनबिंदूही वाढवते. मात्र त्यातील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते. सांडलेले द्रव ताबडतोब धुवावे आणि डबा मुलांच्या व जनावरांच्या तोंडी लागणार नाही असा ठेवावा.

गाडीच्या कप्प्यात एक लहान वही ठेवण्यास मोल पडत नाही. कोणत्या तारखेला, कोणत्या रस्त्यावर, किती किलोमीटरनंतर काटा चढला, गाडी उभी होती की धावत होती, त्या दिवशी पाणी किती घालावे लागले, एवढे तीत टिपून ठेवावे. अशी वही घेऊन जो वाहनधारक गॅरेजात जातो, तो मिस्त्रीला ‘रेडिएटर बदला’ असा हुकूम सोडत नाही. ‘वापीच्या रस्त्याला तापते, भिलाडला तापत नाही’ एवढेच तो सांगतो. जाणत्या मिस्त्रीचे अर्धे काम तेवढ्या एका वाक्याने होते, आणि अर्धवट मिस्त्रीला नको ती वस्तू गळ्यात बांधण्याची सोय उरत नाही.